फोनवरचा भाव, काउंटरवरचा भाव: घरातून निघण्यापासून बिल हातात येईपर्यंत

फोनवर फ्रिज ₹२४,९९०ला दिसतो. ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीला सेक्टर १७मध्ये त्याच कंपनीच्या शोरूममध्ये शिरलं की फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर ₹२८,९९० लिहिलेले असतात. सेल्समनसमोर फोन धरला की उत्तर ठरलेलं, "सर, ते ऑनलाइनचं आहे." बहुतेक जण इथंच गप्प बसतात. काही मुकाट्यानं जास्त पैसे देतात. काही तणतणत घरी येऊन मोबाइलवरून ऑर्डर टाकतात, आणि जुना फ्रिज उचलायचे, नवा वर चढवायचे पैसे मोजताना त्यांना कळतं की वाचलं काहीच नाही.

ऑनलाइन आणि दुकानात भाव वेगळा ठेवणं हा गुन्हा नाही. एमआरपी ही कमाल मर्यादा. तिच्याखाली वेबसाइटवर कितीला विकायचं आणि काउंटरवर कितीला, हे विक्रेता ठरवतो. तक्रारीला जागा असते ती वेगळीकडे: दाखवलेल्या भावाला वस्तू कोणालाच मिळत नसेल, भावामागची अट लपवली असेल, पैसे भरून झाल्यावर भाव बदलला असेल, शेल्फवरच्या टॅगपेक्षा बिलात जास्त लावले असतील किंवा एमआरपीच ओलांडली असेल. या पाचांपैकी आपलं प्रकरण कोणतं हे ठाऊक असेल तर काउंटरवर काय बोलायचं ते सुचतं. त्यासाठीचं काम घरीच करायचं असतं आणि त्याला अर्धा तास पुरतो.

वस्तू एकच आहे का, ते आधी बघा

टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांचे मॉडेल क्रमांक लांबलचक असतात. जाहिरातीत त्यातली पहिली पाच-सहा अक्षरं दिसतात आणि खरी गोम शेवटच्या दोन-तीन अक्षरांत असते. रंग, वर्ष, ऑनलाइनसाठी काढलेला माल की दुकानांसाठी काढलेला, हा फरक अनेकदा तिथं लपलेला असतो. बाहेरून जुळी भावंडं; पण एका टीव्हीत एचडीएमआय पोर्ट एक कमी, मेमरी निम्मी, स्पीकर कमी वॉटचे. एका फ्रिजमध्ये काचेचे कप्पे, दुसऱ्यात तारेची जाळी. म्हणून वेबसाइटवर मोठ्या अक्षरातलं नाव न वाचता खाली तपशिलाच्या तक्त्यातला पूर्ण क्रमांक उतरवून घ्या. दुकानात तोच क्रमांक फ्रिजच्या आत चिकटवलेल्या किंवा टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर वाचा. समोर उभा केलेला पुठ्ठ्याचा कार्ड बऱ्याचदा मागच्या मॉडेलचा असतो.

एसीच्या बाबतीत आणखी एक बघायचं. वीजबचतीच्या स्टार लेबलवर ते कोणत्या काळासाठी लागू आहे ते छापलेलं असतं. जुलै २०२२मध्ये निकष कडक झाले तेव्हा आधीचे पाच स्टारवाले एसी चार स्टारवर आले. गोदामात पडून राहिलेला जुना माल स्वस्त मिळतो यात वावगं काही नाही, पण 'पाच स्टार' हे शब्द वाचून दोन वेगळ्या वर्षांच्या लेबलांची तुलना करणं म्हणजे आंबा आणि कैरी एका तागडीत घालणं.

किराण्यात ही गंमत वजनात असते. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. ॲपवर ८७० ग्रॅमची पिशवी आणि दुकानात एक लिटरची पिशवी दिसायला सारखीच. ॲपवरची ₹६ स्वस्त दिसते आणि मापात ४० ग्रॅम कमी भरते. पाकिटावर ग्रॅम किंवा किलोमागे किती पडतं हा दर छापणं आता बंधनकारक आहे. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात सापडेल. तुलना करायची ती त्याच आकड्याची.

विक्रेता एकच आहे का

'त्याच कंपनीचं दुकान' हा समज सगळ्यात महाग पडतो. कंपनीची वेबसाइट कंपनी चालवते आणि घोडबंदर रोडवरचं तिचं शोरूम एखादा स्थानिक व्यापारी फ्रँचायझी घेऊन चालवत असतो. पाटी एक, मालक दोन. फ्रँचायझीवाल्याला माल ज्या दरानं मिळतो त्यावर त्याचं भाडं, पगार, वीज निघायची असते. वेबसाइटनं मध्यरात्री उतरवलेला भाव त्याच्यावर बंधनकारक असेलच असं नाही, आणि त्याला तो माहीतही नसतो.

हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येक नोंदणीकृत दुकानाच्या प्रवेशद्वारावरच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहिलेला असायला हवा. पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंतचा भाग म्हणजे मालकाचा पॅन. वेबसाइटवरून पूर्वी काही मागवलं असेल तर त्या बिलावरचा क्रमांक काढा आणि ही मधली दहा अक्षरं दुकानाच्या पाटीशी जुळवा. जुळली तर वेबसाइट आणि दुकान एकाच मालकाचं, आणि मग 'ते ऑनलाइनचं आहे' हे उत्तर पुरेसं नाही. नाही जुळली तर दोन वेगळे व्यापारी. अशा वेळी घासाघीस करा, हक्क सांगू नका.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर तर एकाच वस्तूचे चार विक्रेते असतात. भावाखाली 'विक्रेता' म्हणून कोणाचं नाव आहे तेही टिपून ठेवा.

पिनकोड टाकल्याशिवाय भाव धरू नका

पिनकोड न टाकता दिसणारा भाव हा सरसकट असतो, तुमचा नसतो. ठाण्यात ४००६०२ टाकला की एक चित्र, घोडबंदरच्या टोकाला ४००६१५ टाकला की दुसरं, खारघरचा ४१०२१० टाकला की तिसरं, असं होऊ शकतं. माल भिवंडीच्या गोदामातून येणार की दुसऱ्या राज्यातून, यावर विक्रेता बदलतो, डिलिव्हरीचा दिवस बदलतो आणि कधी भावही. 'दुकानातून घेऊन जा' असा पर्याय असेल तर नुसतं 'ठाणे' निवडून थांबू नका, नेमकी शाखा निवडा. वस्तू कार्टमध्ये घालून पैसे भरायच्या आदल्या पानापर्यंत जा. खरा आकडा तिथं दिसतो.

शोधाच्या निकालात किंवा नकाशावर दुकानाच्या नावाखाली दिसणारा भाव तर धरूच नका. तो विक्रेत्यानं कधीतरी पाठवलेल्या यादीतून उचललेला असतो, आणि यादी शिळी असू शकते. दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरच्या '₹९,९९९ पासून'मध्ये 'पासून' हा शब्द डोळ्यांत तेल घालून वाचा. त्या भावाला कोणतं मॉडेल आहे हे विचारलं की सहसा सगळ्यात छोटं आणि दुकानात नसलेलं मॉडेल पुढे येतं.

छोट्या आकड्याची चिरफाड

आता वरचा फ्रिज घेऊ. ₹२४,९९०च्या खाली किंवा बाजूला, फिकट अक्षरात, 'इफेक्टिव्ह प्राइस' असं काहीतरी असतं. कागदावर मांडलं तर हिशोब असा निघतो:

वेबसाइटचा विक्रीभाव ₹२८,४९०
एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के, जास्तीत जास्त ₹१,५०० सूट
जुन्या चालू फ्रिजच्या बदल्यात ₹२,०००
उरले ₹२४,९९०

तुमच्याकडे ते कार्ड नाही आणि जुना फ्रिज गावच्या घरी धाडायचा आहे. म्हणजे तुमच्यासाठी वेबसाइटचा भाव ₹२८,४९०. दुकानाचा ₹२८,९९०. चार हजारांचं भांडण पाचशेवर आलं. त्या पाचशेत दुकानदार उद्या माल पोचवतो, तिसऱ्या मजल्यावर चढवतो आणि काही बिघडलं तर समोर उभा असतो. आमच्या मते हे पाचशे वाचवण्यासाठी धावपळ करू नये, पण हा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

बँकेच्या ऑफरच्या अटी उघडून वाचा. पाच गोष्टी तपासायच्या: क्रेडिट कार्ड की डेबिट, पूर्ण रकमेवर की फक्त हप्त्यांवर, किमान खरेदी किती, एका कार्डावर किती वेळा, आणि सूट लगेच की कॅशबॅक म्हणून साठ-नव्वद दिवसांनी. लगेच मिळणारी सूट बिलात दिसते. नंतरचा कॅशबॅक दिसत नाही, आणि तो आला नाही तर बँक दुकानाकडे बोट दाखवते, दुकान बँकेकडे. दुकानात आणखी एक अडचण: तीच ऑफर ठरावीक स्वाइप मशीनवरच चालते. काउंटरवर तीन मशीनं असतात. चुकीच्या मशीनवर कार्ड ओढलं की पूर्ण रक्कम जाते आणि सूट हुकते. "ऑफरचं मशीन हेच ना?" हे कार्ड देण्याआधी विचारायचं.

'नो कॉस्ट ईएमआय'ही फुकट नसतो. ₹३०,०००ची वस्तू, सहा हप्ते ₹५,००० प्रमाणे. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावते, ते साधारण ₹१,२७०. तेवढी सूट विक्रेता आधी देतो, म्हणून व्याज शून्य दिसतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ₹२२९, तुमच्या कार्डाच्या बिलात येतो. प्रोसेसिंग फी ₹१९९ धरली तर तिच्यावर जीएसटी मिळून ₹२३५. एकूण ₹४६४च्या आसपास. शिवाय दुकानदार रोखीनं घेणाऱ्याला हजार-बाराशे कमी करणार असेल तर ते हप्तेवाल्याला मिळत नाहीत. तेही याच खात्यात धरा.

आणि खोडलेल्या एमआरपीकडे बघून '४८ टक्के सूट' म्हणत हरखून जाऊ नका. टक्केवारी एमआरपीवर काढलेली असते, आणि त्या एमआरपीला ती वस्तू बाजारात कोणी विकतच नसतं. दोन-तीन ठिकाणचा विक्रीभाव एकमेकांशी ताडून बघा, त्यातला फरक हीच खरी सूट.

एसी घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. बॉक्ससोबत तांब्याचा पाइप साधारण ३ मीटरचा येतो. ठाणे-नवी मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये बाहेरचं युनिट बसवायची जागा बिल्डरनं ठरवलेली असते आणि ती बेडरूमच्या भिंतीपासून लांब असते. मोजपट्टी घेऊन आधी अंतर मोजा. ६ मीटर भरलं तर वरचे ३ मीटर, भिंतीला भोक, बाहेरचा स्टँड, हे सगळं भावाच्या बाहेरचं. ऑनलाइनवाला आणि दुकानदार दोघांनाही प्रति मीटर दर विचारा आणि एकूण बेरजेची तुलना करा.

पुरावा असा जमवा की नंतर उपयोगी पडेल

काउंटरवर दाखवला जाणारा स्क्रीनशॉट सहसा निरुपयोगी असतो: भाव मोठा दिसतो, पण मॉडेल अर्धवट, पत्ता नाही, पिनकोड नाही, तारीख नाही. फोनच्या वरच्या पट्टीत वेळ असते, दिवस नसतो.

स्क्रीन रेकॉर्डिंग करा, दीड मिनिट पुरतं. सुरुवातीला कॅलेंडर उघडून तारीख दाखवा. मग ब्राउझरमध्ये वेबसाइटचा पूर्ण पत्ता दिसू द्या, पिनकोड टाका, शाखा निवडा, तपशिलाच्या तक्त्यातला मॉडेल क्रमांक सावकाश सरकवत दाखवा, 'अटी लागू' उघडा, वस्तू कार्टमध्ये घाला आणि शेवटच्या बेरजेवर थांबा. एकदा लॉगइन करून आणि एकदा न करता. काही ॲपमध्ये पहिल्या ऑर्डरची सूट आपोआप मिसळलेली असते आणि ती सगळ्यांना नसते. ही फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारखेचा शिक्का बसतो. व्हॉट्सॲपवर टाकायची तर डॉक्युमेंट म्हणून टाका. नुसता व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. समोरचा वकील सगळ्यात आधी मूळ फोनच मागेल.

नंतर दुकानाला फोन करा. लांबण न लावता: "नमस्कार दादा, तुमच्या वेबसाइटवर अमुक मॉडेल, शेवटची अक्षरं अमुक, ठाणे शाखा निवडल्यावर इतक्याला दिसतंय. कार्ड नाही, एक्स्चेंज नाही. दुकानात येऊन हाच भाव मिळेल का? आणि पीस हजर आहे का?" उत्तर 'हो' आलं की, "तेवढं व्हॉट्सॲपवर टाकाल का, मॉडेल आणि भाव?" बरेच दुकानदार टाकतात. जो टाळाटाळ करतो, "या ना, बसून बघू" म्हणतो, त्याच्याकडे गेल्यावर भाव वेगळा निघतो हे गृहीत धरून निघा. आगाऊ टोकन मागितलं तर भाव, मॉडेल आणि 'रद्द केल्यास परत' हे लिहून मिळाल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

काउंटरवर

आधी फोन दाखवायचा नाही. आधी विचारायचं: "कोणतीही ऑफर न धरता, रोख किंवा यूपीआयनं, सगळं धरून कितीला?" हा आकडा कागदावर घ्या. मग वेबसाइटचा भाव दाखवा. क्रम उलटा केला की सेल्समन तुमचा आकडा धरून त्यात ऑफरची सरमिसळ करतो आणि मूळ भाव शेवटपर्यंत कळत नाही. कमी करायचा अधिकार सहसा त्याला नसतोच. स्टोअर मॅनेजरला बोलवायला सांगा, सौम्यपणे. भाव खाली येत नसेल तर तेवढ्याच किमतीचं दुसरं काही मागा: फुकट बसवणी, स्टॅबिलायझर, भिंतीचा ब्रॅकेट. दुकानदाराला नगद कमी करण्यापेक्षा हे देणं सोपं जातं.

"ते मॉडेल संपलं, हे बघा, याच्यापेक्षा भारी" हे वाक्य आलं की कान टवकारा. माल खरंच संपू शकतो. पण त्याच क्षणी, तिथंच उभं राहून वेबसाइटवर तीच शाखा निवडून बघा. माल हजर दाखवत असेल तर तेही रेकॉर्ड करा आणि मॅनेजरला दाखवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारनं ९ जून २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे: जाहिरातीतल्या भावाला वस्तू विकायची वाजवी शक्यताच नसेल तर तशी आमिषाची जाहिरात करता येत नाही. साठा मर्यादित असेल तर ते जाहिरातीतच सांगावं लागतं. एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं हे ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या) सूचनांतल्या तेरा प्रकारांपैकी एक आहे. शेवटच्या पानावर हळूच शुल्क वाढवणं आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं हे आणखी दोन.

सुपरमार्केटमध्ये चित्र वेगळं. तिथं भांडण शेल्फचा टॅग आणि बिल यांच्यात होतं. ऑनलाइन भाव मध्यरात्री बटणानं बदलतो. दुकानातले टॅग माणूस हातानं बदलतो. म्हणून ऑफर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात जास्त गफलती. टॅगवर बारकोडाचे शेवटचे काही अंक छापलेले असतील तर पाकिटावरच्या तेरा अंकांशी जुळवा. पुष्कळदा टॅग शेजारच्या पाकिटाचा निघतो आणि वाद तिथंच मिटतो. अंक जुळले तर पाकीट टॅगला लावून एक फोटो काढा आणि मग बिलिंगला जा. दाखवलेल्या किंवा ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेणं हे ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं सरळ कारण आहे. बहुतेक ठिकाणी मॅनेजर फोटो बघून फरक परत देतो, फार बोलावं लागत नाही.

पैसे देण्याआधी बिलाचा कच्चा नमुना स्क्रीनवर बघायला मागा. मॉडेल क्रमांक पूर्ण आहे का. सिरियल नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळतो का. सूट वेगळ्या ओळीत दाखवली आहे का. 'एक्स्टेंडेड वॉरंटी' किंवा 'प्रोटेक्शन प्लॅन' नावाची न मागितलेली ओळ घुसली आहे का. डिलिव्हरी, बसवणी यांचे आकडे तिथं आहेत की 'नंतर मेकॅनिकला द्या' असं तोंडी आहे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर जीएसटी लावता येत नाही. 'सरसकट ४० टक्के सूट' म्हणायचं आणि सवलतीच्या भावावर वरून कर आकारायचा, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०१७मध्येच म्हटलं आहे. कॅरीबॅगचे पैसे आधी न सांगता बिलिंगला लावणं हेही आयोगानं २०२०मध्ये चूक ठरवलं. "बिल नको, हजार कमी करतो" याला भुलू नका. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही आणि पुढचं काहीच नाही.

तरीही फसलात तर

इथं एक कटू गोष्ट. नुसता भाव दाखवणं म्हणजे विक्रीचा करार नव्हे. तो ग्राहकाला 'या, बोला' म्हणण्याचा प्रकार आहे. त्यामुळे काही विकत न घेता परत आलात तर 'त्याच भावाला विका' असा हुकूम मिळवणं जवळपास अशक्य. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगात जायलाही आधी खरेदी झालेली असावी लागते. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार कोणीही करू शकतो. ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. प्राधिकरण पहिल्या वेळी ₹१० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ₹५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तुमच्या हाती काही पडणार नाही, पण जाहिरात उतरते.

ऑर्डर देऊन पैसे भरले, दुकानातून उचलायला गेलात आणि तिथं 'भाव वाढला, फरक भरा' म्हणाले, तर पारडं तुमच्या बाजूला झुकतं. ऑर्डर क्रमांक आणि पैसे मिळाल्याचा संदेश हाच करार. फरक भरू नका, आणि 'रद्द करा' हे बटण स्वतःहून दाबू नका; ते दाबलं की तुम्हीच माघार घेतली असं दिसतं. नकार लेखी मागा. नाही दिला तर दुकानाच्या आवारातूनच ग्राहक सेवेला ईमेल टाका: ऑर्डर क्रमांक, वेळ, कोण काय म्हणालं, दोन ओळीत.

पुढचा क्रम असा. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर असायलाच हवा. ते वाट पाहायला लावत असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५वर संदेश पाठवूनही चालतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. काही हजारांच्या फरकासाठी आमचा अनुभवी सल्ला हाच: आधी इथं, आणि तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवून 'मागणी: ₹३,५०० परत' असा एकच आकडा लिहा.

एमआरपीच्या वर घेतलं असेल तर मार्ग वेगळा आणि जास्त झटपट: वैधमापन शास्त्र विभाग, म्हणजे वजन-मापं आणि एमआरपीवर नजर ठेवणारं सरकारी खातं. थंड बाटलीवर 'कूलिंग'चे पाच रुपये हेही त्यातच मोडतं. बिल आणि पाकिटावरच्या एमआरपीचा फोटो पुरतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. आधी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पोच जपून ठेवा. तक्रारीला बिल, ऑर्डरचा संदेश, रेकॉर्डिंगमधली छापलेली चित्रं, ईमेलचा क्रम आणि नोटिशीची पोच जोडा, प्रत्येकावर क्रमांक घालून. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर हे सगळं ऑनलाइन दाखल होतं.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली: विक्रेता बंगळुरूचा असो की गुरुग्रामचा, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या ठिकाणच्या आयोगात करता येते. ठाणेकरांसाठी ठाण्यात आयोग आहे, आणि वाशी, नेरुळ, बेलापूरसारख्या भागासाठी अतिरिक्त आयोग सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. मात्र खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल यांना बोलताना आपण नवी मुंबई म्हणत असलो तरी जिल्हा रायगड, आणि रायगडचा आयोग अलिबागला. तिथं राहणारा माणूस ठाणे किंवा नवी मुंबईत नोकरी करत असेल तर नोकरीच्या पत्त्यावरून जवळचा आयोग निवडू शकतो. नसेल तर अलिबागलाच दाखल करा आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज तक्रारीसोबतच जोडा. कायद्यात तशी तरतूद आहे.